भुई भिजवायची असते

वैशाखातल्या दुपारी दोन वाजता तुमच्या घराजवळच्या झाडावर कोण असतं, हे तुम्हाला ठाऊक आहे का?

घाईनं हो म्हणू नका. मीही म्हणाले असते. सुरतेजवळच्या उधन्यातल्या ज्या तीन शिरिषांच्या सावलीत मी लहानाची मोठी झाले, त्यांच्यावर वटवाघळं राहतात हे मला पाच वर्षांची असल्यापासून माहीत होतं. शेकड्यांनी होती ती, दिवसभर काळ्या पिशव्यांसारखी लटकलेली. त्यांचं नाव माहीत होतं, वास माहीत होता, म्हणून ती मला माहीत आहेत असं मी धरून चालले. तीन वर्षांपूर्वीच्या आखाजीपर्यंत.

हे लिहितेय ती ते शिरीष जिथे होते त्या बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात बसून, तिनातल्या उरलेल्या एका शिरिषाला पाठ टेकून. आखाजी परवाच झाली. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, पण आम्हा खानदेशी माणसांना ती दिवाळीहून मोठी. शेजारी दगामामा बसलेत. ते माझे सख्खे मामा नव्हेत, आईच्या गावचे म्हणून मामा. आयुष्यभर त्यांनी पॉवरलूम चालवले आणि लूमच्या खडखडाटानं त्यांचे कान नेले. आता या आवाराची राखण करतात. आज सकाळपासून ते मान वर करून बसलेत. मघाशी म्हणाले, "पंख हालाडी ऱ्हायनात. अजून ठीक शे."

म्हणाले म्हणजे ओरडले. बहिऱ्या माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही. मी ओठांवर बोट ठेवलं. मामा हसले, आणि मग हातांनी बोलू लागले. लूमच्या शेडमध्ये कुणाचंच बोलणं कुणाला ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं खुणांनी बोलतात. पंजा उघडा धरला की सगळं चालू आहे. दोन बोटं जुळवून झटक्यात दूर केली की तार तुटली, धावा. मामांनी उघडा पंजा दाखवला.

मी पुन्हा वर पाहिलं. पानांच्या फटींतून पंख हलत होते, सावकाश, बायका उन्हातून आल्यावर पदरानं वारा घेतात तसे. वटवाघूळ घामेजत नाही. उकडलं की ते पंखांनी स्वतःला वारा घालतं. तेवढ्यानं भागलं नाही की सावलीकडे सरकतं. मग तोंड उघडून धापा टाकतं. मग स्वतःची लाळ अंगाला, पंखांना चाटून लावतं, म्हणजे तेवढा तरी गारवा. लाळ संपली की त्याच्याकडे काही उरत नाही. हे सगळं मला आता माहीत आहे. तेव्हा माहीत नव्हतं.

लहानपणी उन्हाळ्यात मी बापूंचा डबा घेऊन शेडवर जायची. बापू म्हणजे माझे वडील, त्याच शेडमध्ये मामांच्या शेजारच्या लूमवर. बाहेर डांबर चपलेला चिकटायचं आणि शेडच्या उंबऱ्यात पाऊल टाकलं की तळव्यांना गार लागायचं. जमीन ओली असायची. लूमच्या खाली भिजवलेली गोणपाटं अंथरलेली असायची. हवा कोरडी पडली की ताण्याची, म्हणजे उभ्या सुताची, तार कडक होते, पटापट तुटते, म्हणून उन्हाळ्यात सकाळी पहिलं काम पाणी शिंपडण्याचं. मला वाटायचं, हे सगळं माझ्या पायांसाठी केलंय. मी चपला काढून ओल्या गोणपाटावर उभी राहायची. मामा डोळे मोठे करून बोटांनी दटावायचे आणि डब्यातला कांदा उचलायचे.

गिरणीच्या आवारात तेव्हा एक लांबलचक हौद होता, पाण्यानं भरलेला. संध्याकाळी सायरन झाला की वटवाघळं उठायची. आम्ही पोरं हौदाच्या कठड्यावर बसून बघायचो. ती हौदावरून इतकी खाली यायची की त्यांचं पोट पाण्याला लागायचं. पाण्यावर एक रेघ उमटायची आणि ती वर निघून जायची. आम्हाला वाटे, खेळतायत. तो त्यांचा खेळ नव्हता, ती पाणी पीत होती. वटवाघूळ काठावर बसून तोंड बुडवत नाही. उडता उडता पोट भिजवतं आणि मग फांदीला लटकून पोटावरचे केस चाटतं. त्याला वाटीभर पाणी उपयोगाचं नाही. त्याला लांबी लागते.

गिरणी बंद झाली तसा हौद आटला आणि तळाला भेग गेली. रेल्वे लाइनीपलीकडे खाडी होती, पण तिच्यात कापड रंगवणाऱ्या कारखान्यांचं पाणी सुटायचं, कधी जांभळं, कधी हिरवं, आणि उन्हाळ्यात त्यातून वाफ यायची.

आखाजीला आमच्या आया-मावश्या याच शिरिषांना झोके बांधायच्या. गावी गौराईची गाणी आणि निंबाला झोके, इथे शिरिषाला. सासरहून आलेल्या मुली उभ्यानं झोका घ्यायच्या, डोक्यावर पदर घट्ट ओढून, कारण वरून शिट पडायची. कुणीतरी हमखास किंचाळायची आणि सगळ्या हसून लोळायच्या. एकदा आई झोक्यावरून वर बघत म्हणाली, "त्याबी झोका खाई ऱ्हायन्यात. त्यास्नं बरं शे, माहेर आठेच शे!" म्हणजे, त्यांचं बरं आहे, त्यांना गाडी पकडून माहेराला जावं लागत नाही, माहेर इथेच.

कंपाउंडच्या भिंतीला लागून रंजनबेनचं घर. त्यांचा वटवाघळांवर राग. कपडे वाळत घातले की डाग, गच्चीवर गहू घातला की डाग. रोज सकाळी भिंतीवरून डोकं काढून त्या ओरडायच्या, "ए बेन, आ वागोळने भगाडो ने! आखो दाडो गंधाय छे." म्हणजे, हाकला यांना, दिवसभर घाण वास येतो. त्यांचा आवाज ऐकला की आई हळूच म्हणायची, झालं, सायरन वाजला.

आमच्या घरी गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. पत्र्याच्या पेटीत, साड्यांच्या खाली, गठ्ठ्यांनी. बापू कामगारांसाठी पत्रकं लिहायचे. आठ तासांचं काम, साप्ताहिक सुट्टी, शेडला खिडकी, प्यायला स्वच्छ पाणी. 'कामगार बंधूंनो' हे मी वाचलेले पहिले दोन शब्द. 'क' कमळाचा हे मला शाळेत कळलं, घरी तो कामगाराचा होता. शाईनं हात काळे झालेले बापू जमिनीवर मांडी घालून लिहीत बसायचे आणि मी त्यांच्या पाठीवरून वाकून बघायची. एकदा मी विचारलं, या वाक्यात कदाचित लिहू का? बापूंनी मान हलवली. "पत्रकमा कदाचित नही लिखतस, पोरी. कदाचित लिखं की मानूस घरमा बसी ऱ्हास."

हे मी मनावर कोरून घेतलं. पत्रकात शंका नसते. पत्रक सांगतं, उठा. मला हा धर्म आवडला. अजूनही आवडतो. पण कुठल्या गोष्टीला शंका लागते आणि कुठल्या गोष्टीला लागत नाही, हे मला कुणी शिकवलं नाही. अन्यायाविषयी बोलताना कदाचित नको, हे खरं. एखाद्या जिवाला काय हवं आहे हे सांगताना मात्र कदाचित हवंच हवं.

त्या वर्षी आखाजीच्या आधीपासून ऊन वेगळं होतं. सुरतेला दुपारी समुद्राचा आधार असतो. तीन-साडेतीनला डुमसच्या किनाऱ्याकडून वारा निघतो, चारपर्यंत उधन्यात पोचतो आणि माणसं दारात खाट टाकतात. त्या वर्षी तो वाराच आला नाही. आला तो उलट बाजूनं, जमिनीकडून, भट्टीचं दार उघडावं तसा. रात्रीही भिंती गार होईनात. मोबाइलवर रोज इशारा यायचा की दुपारी बाहेर पडू नका. इशारा माणसांसाठी होता. झाडावरच्यांना कुणी इशारा दिला नाही, आणि त्यांना आत जायला घरही नव्हतं.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी पहिलं वटवाघूळ पडलं. मी डबे धुवायला बाहेर आले होते. धप्प आवाज झाला, चिंचेची पिशवी पडावी तसा. जवळ गेले तर कोल्ह्यासारखं लहानसं तोंड, तांबूस मान, उघडे डोळे. मी पहिल्यांदा एखाद्या वटवाघळाचा चेहरा पाहिला. इतकी वर्षं मला वाटायचं, मी त्यांना खालून, पायांकडून पाहतेय. पण वटवाघळाचे पाय वर असतात, म्हणजे चेहरा तर माझ्याकडेच होता. मीच बघितला नव्हता. संध्याकाळपर्यंत आणखी पडली. दुसऱ्या दिवशी मी मोजणं सोडलं.

मला राग आला, आणि राग आला की आमच्या घरात पत्रक निघतं. बावीस वर्षांची होते मी. हे माझं स्वतःचं, एकटीनं लिहिलेलं पहिलं पत्रक. मराठीत एका बाजूला, गुजरातीत दुसऱ्या बाजूला. सुरुवातच अशी होती: 'आपल्या झाडावर जीव तडफडून मरत आहेत. बघत बसू नका. पाणी मारा!' पुढे धुराडी, तोडलेली झाडं, रंगीत खाडी, सगळ्यांचा समाचार. शेवटी वार, वेळ आणि ठिकाण. बापूंनी चष्मा पुसून वाचलं. दोनदा वाचलं. मग म्हणाले, "व्वा! दम शे." त्यांनी मला आयुष्यात दिलेलं ते सगळ्यात मोठं बक्षीस. आई चुलीपासून म्हणाली, "घरमा प्याले पाणी नही, नि बापलेक झाडले पाणी पाजनार!" आम्ही तिघंही हसलो. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

पाणी मारायचं, हे मला कुठून सुचलं? मी पुस्तकात वाचलं नव्हतं. कुणा जाणकाराला विचारलं नव्हतं. आम्हा लूमवाल्यांच्या रक्तातच ते आहे. उन्हाळ्यात सूत तुटायला लागलं की पाणी मारायचं. बापूंनाही ते इतकं सरळ वाटलं की त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. ज्यांनी विचारला असता, ते दगामामा आखाजीसाठी गावी गेले होते.

लोक आले. हे मला सांगायलाच हवं, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्ही त्यांना नावं ठेवाल. बारा-तेरा माणसं आली, भर उन्हात, जेवणाच्या सुट्टीत, घास अर्धा टाकून. बापूंच्या शेडच्या शेठनं बोअरची मोटर चालू करून दिली, दोन लांब पाइप दिले. कोण म्हणतं लोकांना पडलेली नसते? जेवणाची सुट्टी एक ते दीड. म्हणून आम्ही एक वाजता पाणी मारलं. उन्हाची सगळ्यात वाईट वेळ आम्ही निवडली, कारण तीच वेळ आमची होती.

एक पाइप बापूंच्या हातात होता. बापूंनी अंगठ्यानं पाइपाचं तोंड दाबलं आणि धार उंच गेली, थेट फांद्यांत.

झाड उठलं. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. पानं, फांद्या, सावली, सगळंच एका क्षणात वर उठल्यासारखं वाटलं आणि आभाळ काळं झालं. आम्हाला वाटलं, जीव आला त्यांच्यात. कुणीतरी शिट्टी मारली. आणि टाळ्या वाजल्या. त्या टाळ्यांत माझ्याही होत्या.

ती घाबरून उठली होती. उरलीसुरली ताकद त्यांनी सावलीत अंग चोरून जपून ठेवली होती आणि आम्ही ती एका धारेत उधळून लावली. त्या पांढऱ्या उन्हात ती गोल गोल फिरत राहिली. खाली पाणी उडतंय, माणसं ओरडतायत, झाडावर परतायची सोय नाही. आसपास सगळे शेडचे पत्रे, तापून तव्यासारखे झालेले. ती त्या पत्र्यांवर पडायला लागली. एक, मग तीन, मग एकसारखी. आधी टाळ्या थांबल्या. मग शिट्ट्या. मग फक्त पत्र्यांचा आवाज राहिला.

बापूंच्या हातातला पाइप खाली आला होता. पाणी बुंध्याशी वाहत होतं आणि माती ते पीत होती. मोटर बंद करायचं कुणालाच सुचलं नाही.

रंजनबेन भिंतीवर आल्या. मला वाटलं, आता म्हणतील, बरं झालं. त्यांनी घरातली एक जाड चादर भिंतीवरून माझ्याकडे फेकली आणि स्वतः साडी खोचून मागच्या दारानं आत आल्या. पत्र्याच्या कडेखाली एक मादी पडली होती, मेलेली, आणि तिच्या पोटाशी पिल्लू होतं. जिवंत. त्याचे इवलेसे पाय आईच्या केसांत इतके घट्ट रुतले होते की ते सुटेना. रंजनबेननी चादरीचा कोपरा हाताला गुंडाळला आणि हळूहळू एकेक नख सोडवलं. तोंडानं मात्र चालूच: "वास तो आवे ज छे. पण आ तो बच्चुं छे, एनो शुं वांक?" लेकराचा काय दोष, असं त्या म्हणत होत्या, आणि त्यांच्या गालांवरून घाम ओघळत होता की आणखी काही, मला कळलं नाही.

संध्याकाळी प्राणी वाचवणाऱ्या मंडळातल्या दोघी मुली आल्या आणि जिवंत पिल्लं टोपलीत घालून घेऊन गेल्या. त्यांच्यातली एक मला म्हणाली, "पाणी कुणी मारलं?" मी म्हणाले, "मी." तिनं टोपलीवर फडकं ओढलं. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

बाकीची आम्ही कोरड्या हौदाशेजारी पुरली. बापू खणत होते. कुणी त्यांच्या हातून फावडं घ्यायला गेलं तर ते देईनात.

दगामामा दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आले, खांद्यावर आंब्यांची पिशवी. फाटकातून आत आले आणि मान वर करून थांबले. मग खाली बघितलं, ताज्या मातीकडे. मी पाटीवर खडूनं लिहून त्यांना सगळं सांगितलं. माझं पत्रकही दिलं. त्यांनी ते हात लांब धरून वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं.

"सूतवर पाणी मारतस का वं? भुई भिजाडतस ना. तुन्हा बापले तरी ठाऊक व्हतं."

मी खाली बसले. शेडमधली ती ओली जमीन, ती गोणपाटं, तळव्यांना लागणारा तो गारवा, सगळं एकदम आठवलं. इतकी वर्षं मी ते बघत होते. सुतावर कुणीच कधी थेंब टाकला नव्हता. सुतावर पाणी पडलं तर ते खराब होतं. खालची भुई भिजवायची, सकाळी लवकर, गाजावाजा न करता. मग ओल आपोआप वर चढते आणि तार नरम राहते. हे ज्ञान आमच्या घरात होतं, बापूंच्या हातांत होतं. बापू आयुष्यभर पहाटे भुई भिजवत आले होते. आणि माझं पत्रक वाचून ते हे विसरले. माझ्या शब्दांत दम होता, म्हणून.

त्या दिवसानंतर बापूंनी पत्रक लिहिलं नाही. कुणी मागायला आलं तर म्हणतात, डोळे काम देत नाहीत. डोळे ठीक आहेत त्यांचे. रोज पेपर वाचतात.

मला अजून एक सांगायचंय. त्याच वर्षी दिवाळीनंतर कुणीतरी अर्ज केला की ही झाडं धोकादायक आहेत, त्यावरचे प्राणी मरून पडतात, रोगराई पसरेल, झाडं काढा. अर्जाला पुरावा म्हणून माझं पत्रक जोडलं होतं. 'आपल्या झाडावर जीव तडफडून मरत आहेत' या ओळीखाली लाल रेघ मारलेली होती. दोन झाडं गेली. तिसरं वाचलं ते आमच्यामुळे नव्हे. त्याचा बुंधा दोन मालकांच्या हद्दीत आहे आणि ते दोघं भांडतायत म्हणून. त्यांचं भांडण मिटू नये अशी मी प्रार्थना करते. माझ्यासारखी नास्तिक बाई.

ऊन हा सृष्टीचा नियम आहे, असं मला आता कुणी ऐकवू नये. वैशाख वटवाघळांना नवा नाही. आम्हाला ठाऊक नाही इतक्या पिढ्यांपासून ती वैशाख काढत आली आहेत. नवं आहे ते वैशाखात आपण घातलेलं इंधन. उधन्याला उभं राहून बघा, सचिनच्या औद्योगिक वसाहतीकडे बघा, कडोदऱ्याकडे बघा, धुराड्यांची रांग दिसेल. रस्ते रुंद झाले, झाडं गेली. हौद आटले. दुकानादुकानाबाहेर आतली गरमी बाहेर फेकणारी यंत्रं लागली. ज्याच्याकडे दार आहे तो दार लावून आत गार होतो, आणि त्याच्या दाराबाहेरचा वैशाख आणखी तापतो.

हे लिहिताना बोट दुसऱ्याकडे दाखवून मोकळं होणं सोपं आहे. मी ते केलं असतं. पण बापूंनी विणलेलं कापड त्याच धुराड्यांखाली रंगायला जायचं. त्याच धुरावर आमची चूल पेटली, माझी वह्या-पुस्तकं आली, मी हे लिहायला शिकले. धुराडं बंद करा असं मी म्हणते तेव्हा माझ्या गल्लीतल्या माणसांच्या तोंडचा घास मी विसरू शकत नाही. आणि त्यांच्या घासाकडे बोट दाखवून जे धूर चालूच ठेवतात, त्यांना मी माफही करू शकत नाही. जो माणूस उघड्या पत्र्याखाली बारा तास लूम चालवतो, तो आणि झाडावर लटकलेलं वटवाघूळ, या दोघांना एकच ऊन मारतं. बापूंच्या जुन्या पत्रकांत 'शेडला खिडकी हवी' अशी मागणी आहे. मला आता तिच्याशेजारी 'शेडबाहेर झाड हवं' असं लिहावंसं वाटतं. त्या एकाच मागणीच्या दोन ओळी आहेत.

त्या वैशाखानंतर निघून गेलेली वटवाघळं या वर्षी परत आली. तितकी नाहीत. कुठून आली, मधली दोन वर्षं कुठं होती, कुणास ठाऊक. एका झाडावर दाटीवाटीनं राहतात आणि आपसांत भांडतात. पोटाशी पिल्लं आहेत. जांभूळ, उंबर, वड यांच्या बिया कुठून कुठे नेऊन टाकणारी हीच. आपण झाडं कापायची आणि त्यांनी पेरायची, असं चाललंय.

होळी झाल्यावर एका सकाळी बापू सिमेंटची पिशवी घेऊन आवारात आले. हौदात उतरले आणि भेग बुजवायला लागले. मीही उतरले. मामा वर उभे राहून बोटांनी दाखवत होते, इथे राहिलं, तिथे राहिलं. आठवड्यानं पाणी सोडलं. पहिल्या दोन संध्याकाळी काहीच झालं नाही. तिसऱ्या संध्याकाळी एक खाली आलं आणि पाण्यावर रेघ उमटली. बापूंनी चष्मा काढला आणि सदऱ्यानं पुसत राहिले, बराच वेळ.

परवा आखाजीला आमच्याकडे पितरांच्या नावानं घागर भरली. नवी मातीची घागर, काठोकाठ पाणी, वर डांगर, म्हणजे खरबूज. गेलेल्या माणसांना उन्हाळ्यात तहान लागते, म्हणून. मामांनी एक जास्तीची घागर आणली होती. आईनं विचारलं, ही कुणाची? मामांना ऐकू आलं नाही, किंवा त्यांनी ऐकलं नसल्यासारखं केलं. ती घागर उचलून ते शिरिषाकडे गेले आणि सगळं पाणी हळूहळू बुंध्याशी ओतलं. वर एकही वटवाघूळ दचकून उठलं नाही. आईनं आत जाऊन दुसरी घागर भरून आणली.

काल मोबाइलवर इशारा आला. पुढचे चार दिवस. म्हणून आज आम्ही सहा वाजताच भुई भिजवली आहे, गोणपाटं पसरली आहेत, फाटक लावून घेतलं आहे. रंजनबेननी गल्लीतल्या लग्नाचा बँड दुसऱ्या रस्त्यानं वळवला, नवरदेवाच्या काकाशी भांडून. आत्ता सव्वादोन झालेत. पंख हलतायत. मामांचा पंजा उघडा आहे. डुमसचा वारा अजून आलेला नाही. येईल का, मला माहीत नाही. कदाचित येईल.

हा शब्द मी पत्रकात पहिल्यांदाच लिहितेय. हो, हे पत्रकच आहे. इथवरचं बापूंना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "शेवटी काम सांग. काम नही सांगं ते पत्रक कशानं?"

तर काम असं. तुमच्या गावात, गल्लीत, शाळेमागे, देवळामागे असं एक झाड असेल जिथे वटवाघळं लटकतात, बगळे घरटी करतात, पोपट दुपार काढतात. उद्या पहाटे, ऊन चढायच्या आत, एक बादली घेऊन तिथे जा आणि बुंध्याशी पाणी ओता. वर मारू नका. कुणी मारायला आलं तर त्याचा हात धरा. बारा ते चार त्या झाडाखाली फटाका, डीजे, कुऱ्हाड येऊ देऊ नका. एखादा जीव खाली पडलाच तर उघड्या हातानं उचलू नका, जाड कापड टाकून सावलीत ठेवा आणि वनखात्याला किंवा जाणत्या माणसाला फोन करा. विचारा. मी विचारलं नव्हतं.

आणि बादली खाली ठेवलीत की मान वर करा. त्यांचा चेहरा खालीच असतो, तुमच्याकडे. एकदा नीट बघा.